तार तुटल्यावर

गोळीबार चौकातून तांडापेठेकडे वळलं
की आधी वास येतो, मग दुकान.
दुकान म्हणजे काय, एक ओटा,
ओट्यावर शहाबादी फरशी, मधोमध जराशी खचलेली,
आणि वर ट्यूबलाइट, गुळाच्या वाफेनं पिवळी पडलेली.
शालिकराम सोनकुसरे पाटी लावत नाहीत.
ज्याले पट्टी पायजे त्याले नाक हाये, म्हणतात.

एकदा मी वही घेऊन गेले होते.
फल्लीची ही पट्टी पहिल्यांदा केली कोणी?
ते म्हणाले, माह्या बापानं.
आतून दुर्पताबाई म्हणाल्या, खोटं हाये, माह्या मायनं.
पवनीले, खळ शिजवाच्या गंजात,
पोट्टे रडून रायले होते म्हणून.
आणि कढईखाली लाकडं सारणारा कारू म्हणाला,
गुळानंच केली असंन,
उतू जाऊन, फल्लीच्या टोपल्यात.
मी तिन्ही लिहून घेतलं.
तिसरं मला जास्त खरं वाटतं.

घरात माग होता तेव्हा
खड्ड्यात पाय सोडून बसायचे शालिकराम.
तलम पातळ, बोटभर काठ,
आणि दिवसातून वीसदा तुटणारं सूत.
तुटलं की थुंकीचं बोट लावून सांधायचं,
गाठ दिसली की शेठ मजुरी कापायचा.
बापाची शिकवण एवढीच,
तार तुटू द्यायची नाही.

मग पॉवरलूमचं कापड आलं, निम्म्या भावात.
माग गेला जळणाच्या दरानं.
एक दांडा तेवढा ठेवून घेतला, त्याचं झालं बेलणं.
खड्डा गिट्टीनं बुजवला,
त्याच्यावर ही फरशी.

आता कढईत करेलीचा गूळ,
शेजारी भाजून, सोलून, पाखडलेले फल्लीदाणे,
थंडीच्या दिवसांत मूठभर चारोळीही.
चिमटीत पाक धरून ते बोटं उघडतात.
एक तार. हा लाडवाचा, थांब.
दोन तार. थांब बे, घाई काऊन करतं?
मग पाण्याच्या वाटीत एक थेंब.
थेंबाची गोळी वाटीच्या काठावर आपटली की
टण्ण.
आणि बोटांमधली तार
काचेसारखी तुटते.

तुटली, म्हणतात. तुटली, ओत फल्ली.

हे म्हणतानाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.
हसतात असं नाही म्हणता येणार.
शाळेत खूप वर्षं मार खाल्लेल्या मुलाला
त्याच चुकीसाठी कोणी पेढा द्यावा,
तसं काहीतरी.

पुढचं सगळं पळापळीचं.
फरशीला तुपाचं बोट, त्यावर गरम लगदा,
दांडा फिरतो, कडा पातळ होतात,
मधे खचलेल्या जागी पट्टी नेहमी जाड निघते.
तो तुकडा ते विकत नाहीत.
कोणाला देतात, मी विचारलं नाही.

मी चुरा घेते.
सुरी ओढताना कडेला जे तुटतं, सांडतं ते,
वर्तमानपत्राच्या पुडीत, दहा रुपयांत.
चुऱ्यात जळकं थोडं जास्त असतं,
गोडाच्या मागून येणारं कडू,
जिभेच्या कडेला रेंगाळणारं.
पुण्याला भावाला अख्खी पाठवली होती ट्रॅव्हल्सनं.
पोचेस्तोवर भुगा झाला.
फोनवर म्हणाला, चमच्यानं खाल्ली, पण ती मजा नाही.
मजा कसली, ते त्याला नीट सांगता येईना,
मलाही नाही.
दाढेखाली पहिला तुकडा फुटतो तेव्हा
आवाज बाहेर येत नाही,
कवटीतच होतो, आपल्यापुरता.

काल रात्री थंडी सात अंशांवर.
कानटोप्या घातलेली माणसं ओट्याभोवती,
कोणी बोलत नव्हतं, सगळे चावत होते.
शालिकराम डोळे मिटून बसले होते.
झोपले वाटलं.
मी दुसरा तुकडा तोंडात टाकला, तसे म्हणाले,
वाजली?
हाव, वाजली.
मंग ठीक हाये, म्हणाले,
आणि कारूला सांगितलं, लाकूड सार.